रजिस्टरात नसलेला गुरुवार

एकवीस तारखेच्या गुरुवारी तुम्ही कार्यालयात काय करत होतात, असं साहेबांनी विचारलं आणि मला सांगता येईना. प्रश्न काही अवघड नव्हता. साहेबांचा आवाजही चढलेला नव्हता. चष्मा पुसत पुसत, सहज काहीतरी विचारावं तसं ते विचारत होते. मी म्हणालो, कामच करत होतो साहेब, दुसरं काय करणार. कोणतं काम? रोजचंच. रोजचं म्हणजे काय काय? इथे माझी गाडी अडली. दोन महिन्यांपूर्वीचा दिवस, काही शंभर वर्षांपूर्वीचा नव्हे. त्या दिवशी मी उठलो असणार, दाढी केली असणार, बस पकडली असणार, फाटकावर सही केली असणार, अकरा ते बारा खिडकीत बसलो असणार. असणार, असणार. साहेबांना असणार नको होतं, होतं हवं होतं. ते माझ्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होते आणि मी त्यांच्या मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. महिना उलटून गेला होता तरी पान कुणी फाडलं नव्हतं. ते बघून मला उगाच थोडं बरं वाटलं.

मी तुरुंगाच्या कार्यालयात आवक-जावक कारकून आहे. कैदी मला भाऊसाहेब म्हणतात, बाहेर कुणी काही म्हणत नाही. कैद्याला वरच्या कोर्टाला काही सांगायचं असेल, अपील, अर्ज, तक्रार, तर तो कागद माझ्या खिडकीत देतो. गजांमधून हात आत येतो, मी कागद घेतो, हात बाहेर जातो. चेहरा बघायची गरज पडत नाही. त्याचा कागद कोर्टात कधी पोचला हे महत्त्वाचं नसतं, त्याने तो आमच्या हातात कधी दिला हे महत्त्वाचं. ती तारीख म्हणजेच कोर्टात दाखल झाल्याची तारीख. नियम चांगलाच आहे. आत असलेल्या माणसाला पोस्टात जाता येत नाही, कोर्टाच्या पायऱ्या चढता येत नाहीत, तेव्हा त्याचं कोर्ट म्हणजे माझी खिडकी. हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं. कोर्टाचं पत्र आलं, त्यात जवळपास याच शब्दांत लिहिलेलं होतं, आणि ते मी चार वेळा वाचलं. पत्र शिंप्याबद्दल होतं. शिंपी म्हणजे शिवणखात्यात काम करणारा कैदी. बाहेरही शिंपीच होता. मालकाचं दुकान जाळल्याबद्दल त्याला सात वर्षांची शिक्षा झाली आहे. तो म्हणतो, मी तिथे नव्हतोच. कुठे होतास? घरी झोपलो होतो. साक्षीला कोण? कुणी नाही. झालं. त्याच्या अपिलाची मुदत बावीस तारखेला, शुक्रवारी संपत होती. तो म्हणतो, मी कागद एकवीसला, गुरुवारी दिला. माझं रजिस्टर म्हणतं तेवीस, शनिवार. एका दिवसाने उशीर. कोर्टाच्या कचेरीने अपील मुदतबाह्य म्हणून परत केलं, सरकारने नेमून दिलेल्या त्याच्या वकीलबाईंनी हरकत घेतली, आणि आता कोर्ट विचारत होतं की, कागद प्रत्यक्ष कधी दिला, ते संबंधित कारकुनाने येऊन शपथेवर सांगावं. संबंधित कारकून म्हणजे मी. एवढ्या वर्षांत मला कुणी कशाशीही संबंधित म्हटलं नव्हतं.

आता रजिस्टरचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय बाकीचं कळणार नाही. मी नोंदी रोज करत नाही. आठवडाभर कागद पत्र्याच्या ट्रेमध्ये टाकतो आणि शनिवारी अर्धा दिवस असतो तेव्हा एका बैठकीत सगळ्या उतरवतो. वर तारीख लिहायची, खाली प्रत्येक ओळीला दोन छोट्या टिकल्या, म्हणजे वरीलप्रमाणे. सुरुवातीला मी रोजच्या रोज लिहायचो. पण एका दिवशी निळी शाई, दुसऱ्या दिवशी काळी, कधी घाईत, कधी टेकून. पान उंदराने कुरतडल्यासारखं दिसायचं. मग एकदा शनिवारी सगळं बसून लिहिलं आणि नेमकी पुढच्या आठवड्यात तपासणी आली. तपासणीच्या साहेबांनी पानावर शेरा मारला, रजिस्टर अतिशय नीटनेटके, इतरांनी आदर्श घ्यावा. तो शेरा मला पाठ आहे. बायकोला मी तो घरी येऊन म्हणून दाखवला होता. त्यानंतर माझी शनिवारची पद्धत पडली. टपाल तसंही सोमवारीच जायचं, मग गुरुवारी लिहिलं काय आणि शनिवारी लिहिलं काय, असा माझा हिशोब. एकोणीस वर्षं कुणी एक अक्षर बोललं नाही. एकोणीस वर्षांत मीही कुणाला काही बोललो नाही, हेही खरंच आहे.

साहेबांना ही पद्धत माहीत होती. सगळ्यांनाच माहीत होती, म्हणजे कुणालाच माहीत नव्हती. ते म्हणाले, हे बघा, कोर्टात फार पाल्हाळ लावायचं नाही. रजिस्टरात तेवीस आहे तर तेवीस. कुणी विचारलंच की सगळ्या नोंदी शनिवारीच का, तर सांगायचं, आमच्याकडे कागद स्वीकारायचा वार शनिवार ठरलेला आहे. म्हणजे गुरुवारी देण्याचा प्रश्नच येत नाही. मी म्हणालो, असा वार ठरलेला नाहीये साहेब. ते म्हणाले, आजपासून ठरला. मग थोडे पुढे झुकून हळू आवाजात म्हणाले, तुमच्या निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. एका शिंप्यासाठी एकोणीस वर्षांची रजिस्टरं उघडायची का, विचार करा. वाईट माणूस नाहीत ते. माझ्या आईच्या वेळी हॉस्पिटलात येऊन बसले होते. मी बरं म्हणालो. मी बहुतेक गोष्टींना बरं म्हणतो.

बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली आणि मी गुरुवार शोधायला बसलो. हा हट्ट का धरला माहीत नाही. मला वाटलं, तो एक दिवस नीट आठवला, शिंप्याचा हात गजांतून आत येताना दिसला, तर प्रश्नच मिटेल. मग मी काय सांगायचं ते आठवणच ठरवेल, मला काही ठरवावं लागणार नाही. पण दिवस हाती लागेना. एका मंगळवारी माझी छत्री बसमध्ये राहिली होती, तो मंगळवार लागला. एका सोमवारी स्वयंपाकखात्यातल्या दोघांची मारामारी झाली, तोही लागला. मधले दिवस धुतलेल्या पाटीसारखे. हात आठवले, शेकड्याने हात, कापलेली नखं, गोंदवलेली अक्षरं, चुना, पीठ, शाई. हातांना वार नसतात. माझ्या शेजारी एक बाई मोबाईलवर कुणाला तरी ओरडत होती, मी तुला परवाच सांगितलं होतं, परवाच. तिला आपला परवा ठाऊक होता. मला तिचा हेवा वाटला आणि लगेच तोही ओसरला. मला हल्ली कशाचं काही फार वेळ वाटत नाही. आधी मला वाटायचं ही शांती आहे. लोकही म्हणतात, तुम्ही किती शांत. तुरुंगात शांत माणसाची किंमत असते, घरी काय असते ते मी कधी विचारलं नाही.

बायकोला विचारलं. तिला तारखा पाठ असतात. कोण कधी आजारी पडलं, कोणत्या दिवशी कुणाचा फोन आला, सगळं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हटलं, एकवीस तारखेचा गुरुवार, तुला काही आठवतं का, मी त्या दिवशी कसा होतो? ती माझ्याकडे बघत राहिली. हातातली उशीची खोळ तिने तशीच धरून ठेवली.

"का विचारताय?"

ऑफिसचं काम आहे म्हणालो.

"त्या दिवशी माझा रिपोर्ट आला," ती म्हणाली. "गाठीचा. मी एकटी जाऊन आणला. संध्याकाळी तुम्हाला सांगितलं, काही नाही निघालं, साधी आहे. तुम्ही बरं म्हणालात आणि पंखा वाढव म्हणालात."

ती पुढे म्हणाली की त्याआधीचे नऊ दिवस तिला झोप नव्हती आणि मी शेजारी घोरत होतो. हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती, विचारलं म्हणून सांगत होती. मग तिने खोळेची घडी घातली आणि कपाटात ठेवली. मी गाठ आठवायचा प्रयत्न केला. गाठीबद्दल काहीतरी बोलणं झालं होतं, एवढं धूसर होतं, पण ते तिच्याबद्दल होतं की तिच्या बहिणीबद्दल, हेही मला शपथेवर सांगता आलं नसतं. जेवताना मी तिला विचारलं, आता कशी आहे गाठ. ती म्हणाली, आहे तशी आहे. मला ताटावरून उठावंसं वाटलं, पण भूक होती, मी जेवलो. लाज वाटायला हवी होती. ती यावी म्हणून मी थांबलोही, पण आली नाही.

गुरुवार शोधता शोधता एक बुधवार मात्र सापडला, नको असलेला. सहा-सात वर्षांपूर्वी आमच्याकडे एक माळी होता, कैदीच, साठीचा. दर बुधवारी तो कार्यालयाच्या व्हरांड्यातल्या कुंड्यांना पाणी घालायला यायचा. बुधवारशिवाय त्याला त्या बाजूला येऊच देत नसत. एका बुधवारी पाणी घालून झाल्यावर त्याने कमरेतून चार घड्या घातलेला कागद काढला, धोतराला हात पुसून माझ्याकडे दिला आणि म्हणाला, भाऊसाहेब, अपील आहे, दोन दिवस हातात आहेत अजून. मी ट्रेमध्ये टाकला. शनिवारी नोंद केली. तीन महिन्यांनी कोर्टाचं पत्र आलं, मुदतबाह्य. ते त्याला वाचून दाखवून अंगठा घ्यायचं काम माझंच होतं. मी वाचलं. तो म्हणाला, म्हणजे काय? उशीर झाला. तो म्हणाला, बरं. मग पुढच्या वेळी कधी देऊ? मी म्हणालो, पुढची वेळ नसते. त्याने अंगठा दिला. अंगठा नीट उमटला नाही म्हणून मी त्याला पुन्हा द्यायला लावला. पुढे तो आजारी पडून गेला की सुटून गेला, मला माहीत नाही. हे सगळं मला त्या वेळीही दिसलं होतं. बुधवार आणि शनिवार शेजारी ठेवले की कुणालाही दिसेल. मी ते शेजारी ठेवले नाहीत, इतकंच. जेवण झाल्यावर बायको टीव्ही बघत बसली, मीही बसलो, आणि पडद्यावर काय चाललंय ते बघत मी मनात म्हणत होतो, दोन दिवस हातात आहेत अजून.

कोर्टाच्या तारखेआधी शिंपी एकदा खिडकीत आला. साक्षीदाराने पक्षकाराशी बोलायचं नसतं, हे मला कळतं, पण गजांच्या दोन बाजूंना आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, गुरुवारीच दिला होतास ना, नक्की? तो म्हणाला, हो भाऊसाहेब, गुरुवारीच. शिवताना बोटात घालायचं टोपण तो एका बोटातून दुसऱ्या बोटात चढवत-काढत होता. मी म्हटलं, कितीच्या सुमाराला? साडेअकरा असतील, तो म्हणाला. तेव्हा मी काही बोललो का? नाही, काही नाही बोललात. हे मला पटलं. मी काही बोलत नाहीच. त्या दिवशीच्या उरलेल्या वेळात मी हा साडेअकराचा गुरुवार मनात रचायला घेतला. ऊन कुठवर आलेलं असेल, खिडकीत रांग किती असेल, त्याच्या हातात कागद कसा असेल. दुपारपर्यंत मला तो जवळजवळ दिसायला लागला. संध्याकाळी मात्र लक्षात आलं की त्यातला हात मी माळ्याचा घेतलाय.

कोर्टात खोली अपेक्षेपेक्षा लहान होती. सिनेमात असतं तसं काही नाही, आमच्या कार्यालयासारखीच, फक्त खुर्च्या बऱ्या. न्यायाधीश बाई होत्या, वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. शिंप्याला दोन पोलिसांच्या मध्ये बसवलं होतं. साहेब मागच्या रांगेत होते. सरकारी वकिलांनी माझं रजिस्टर टेबलावर उघडून धरलं आणि म्हणाले, इतकं स्वच्छ रजिस्टर फार कमी कचेऱ्यांत सापडेल. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, त्याही क्षणी बरं वाटलं. तेवीस तारीख आपल्या हातची आहे का? आहे. खाडाखोड आहे का? नाही. ते बसले. मग शिंप्याच्या वकीलबाई उठल्या. त्यांना जबर सर्दी झाली होती, एका हातात रुमाल होता. त्यांनी मागची पानं उलटली, बरीच उलटली, आणि विचारलं की, आठवड्याचे सहा दिवस खिडकी उघडी असते, मग तुमचे कैदी फक्त शनिवारीच कागद देतात का? उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. कागद स्वीकारायचा वार शनिवार ठरलेला आहे. बसमध्ये घोकलं होतं. साहेबांची खुर्ची मागे किंचित करकरली. मी तोंड उघडलं आणि मला तो दुसऱ्यांदा घेतलेला अंगठा दिसला. पहिला काय वाईट होता? चालला असता.

"नाही," मी म्हणालो. "रोज देतात. मी शनिवारी लिहितो."

खोलीत काही झालं नाही. पंखा फिरत होता. न्यायाधीशबाईंनी वर बघितलं आणि विचारलं, या माणसाने कोणत्या वारी दिला, तुम्हाला आठवतं? मी म्हणालो, नाही आठवत. खूप प्रयत्न केला. त्यांनी विचारलं, ही पद्धत कधीपासून? मी सांगितलं, एकोणीस वर्षांपासून. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"या एकोणीस वर्षांत मुदतबाह्य म्हणून परत आलेले कागद किती?"

"मोजले नाहीत."

"मोजा," त्या म्हणाल्या. "नावं, तारखा, सगळं. महिन्याच्या आत मला यादी हवी."

पुढचं इंग्रजीत सांगून लिहून घेतलं गेलं, आणि मग त्यांनीच साध्या शब्दांत शिंप्याला सांगितलं की, नोंद भरवशाची नाही म्हणून तुझं म्हणणं धरलं आहे, तुझं अपील ऐकलं जाईल. शिंप्याने हात जोडले. वकीलबाई रुमालात शिंकल्या. साहेब माझ्याजवळून गेले तेव्हा थांबले नाहीत, रागावलेही नाहीत. माझी ओळख नसावी तसे पुढे गेले. माझ्या आत काही विशेष नव्हतं. मोठं काहीतरी केल्यावर माणसाला काय वाटतं ते वाटेल म्हणून मी जरा वाट बघितली आणि मग पाणी प्यायला व्हरांड्यात गेलो.

तिथे शिंपी उभा होता. एक पोलीस गाडी बघायला खाली गेला होता, दुसरा साखळी मनगटाला गुंडाळून भिंतीला टेकला होता आणि मोबाईल बघत होता. शिंपी माझ्याजवळ सरकला, साखळी जाईल तेवढा.

"भाऊसाहेब, तुमची नोकरी जाईल माझ्यापायी. म्हणून सांगतो. मी शनिवारीच दिला होता."

तो भरभर बोलत होता. त्याला लिहिता येत नाही. बराकीत एक मास्तर सगळ्यांची अपिलं लिहून देतो, तो पंधरा दिवस दवाखान्यात होता. दुसऱ्या कुणाला कायद्याचं लिहिता येत नव्हतं. मास्तर शुक्रवारी रात्री परत आला, शनिवारी सकाळी त्याने मांडीवर फळी घेऊन लिहून दिलं, आणि शिंपी तसाच खिडकीत आला. उशीर झालाय हे त्याला माहीत होतं. वकीलबाईंना त्याने गुरुवार सांगितला. त्यांना खरं माहीत नव्हतं.

आणि मला आठवलं. काहीही न करता आठवलं, लख्ख. शनिवार होता, मी नुकती वर तारीख टाकली होती, शाई ओली होती. हात आत आला, बाहीवर पांढऱ्या दोऱ्याचं टोक चिकटलेलं होतं. त्याचा कागद ट्रेमध्ये गेलाच नाही. मी तो तसाच समोर ठेवून आधी उतरवला आणि त्याला म्हणालोही, आज बरा नेमका आलास. हसला होता तो. मीही हसलो असेन. त्या पानावर बारा नोंदी होत्या आणि त्यांतली खरी तारीख असलेली एकच होती, ती याची.

आतून काहीतरी वर यायला लागलं. रडू असावं, किंवा हसू असेल. इतक्या दिवसांत सवय राहिलेली नाही, ओळखता आलं नाही. आत अजून न्यायाधीशबाई बसलेल्या होत्या. दार उघडं होतं. आठ-दहा पावलं असतील. शिंपी माझ्या तोंडाकडे बघत होता. तो खरं सांगून मोकळा झाला होता आणि मी जे करेन ते त्याला चालणार होतं, हे त्याच्या उभं राहण्यावरून कळत होतं.

"गुरुवारी दिलास तू," मी म्हणालो. "साडेअकरा वाजता. मला चांगलं आठवतंय."

तो काहीतरी बोलणार होता, पण खालून हाक आली आणि पोलिसाने साखळी ओढली. ते दोघं जिना उतरून गेले. मी नळाला तोंड लावून पाणी प्यायलो, मग फोन काढून बायकोला लावला आणि ती उचलेपर्यंत काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं. तिने उचलला. मी म्हणालो, तुझ्या त्या नऊ दिवसांचं सांग, पहिल्यापासून. ती म्हणाली, आत्ता? मी म्हणालो, हो, आत्ता, लिहून घेतो.